मधातलं रेलिंग

रागिणीचं नाव ठेवताना तिच्या वडिलांच्या मनात गाण्यातला राग होता म्हणे. पातूरला सासरी आल्यावर सगळ्यांच्या वाट्याला दुसराच राग आला, आणि खरं सांगायचं तर त्यात तिची चूक फार थोडी होती. ज्या घरात बाईने एक गोष्ट तीनदा सांगितल्याशिवाय कोणाच्या कानात शिरत नाही, त्या घरात तिसऱ्या वेळी आवाज चढणारच. आवाज चढला की लोक म्हणतात, बाई रागीट आहे. आधीच्या दोन वेळा ती किती गोड बोलली होती, ते कोणाला आठवत नाही.

नवरा देवीदास फुलांचा धंदा करायचा. शिवारात झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि रोज पहाटे माल घेऊन अकोल्याचं मार्केट. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, घरात हात उचलणं नाही. फक्त बायको बोलायला लागली की त्याचे कान मिटायचे आणि तोंडातून 'हं' निघायचं. ते 'हं' मोठं फसवं होतं. समोरच्याला वाटावं, ऐकलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतलं तर निदान घडा ओला तरी होतो, इथे तेही नाही.

सासरे उत्तमराव, घरात-गावात आबाजी. त्यांना लकवा मारला तेव्हा उजवी बाजू गेली. पाय पुढे जरा सुधारला, डाव्या हातात काठी धरून ते घरातल्या घरात फिरू लागले. पण उजवा हात लोंबकळतच राहिला आणि जीभ जड झाली ती झाली. ओट्याच्या तीन दगडी पायऱ्या त्यांच्यासाठी डोंगर होऊन बसल्या. अंगणात न्यायचं तर देवीदासने मागून बगलेत हात घालायचे आणि पोत्यासारखं उतरवायचं. आबाजींना त्याची इतकी लाज वाटायची की त्यांनी अंगणाचं नावच टाकलं. मागच्या पोळ्याला शेजारच्या नत्थुजीची बैलजोडी दारात आली, तेव्हाही ते आत खाटेवरच होते. "शिंगंच दिसले," एवढंच बोलले, आणि त्या दिवशी पुरणपोळीला त्यांनी हात लावला नाही.

वेल्डिंगचं खूळ रागिणीच्या डोक्यात शिरलं ते मात्र आबाजींमुळे नाही. शिरलं ते शफीकमुळे. बाळापूर रोडवर शफीकचं फॅब्रिकेशनचं दुकान. कपडे वाळवायच्या स्टँडचा पाय तुटला म्हणून ती त्याच्याकडे घेऊन गेली, तर शफीक म्हणाला, परसो. परवा गेली, तर पुन्हा परसो. शफीकचा परसो कॅलेंडरात कुठेच नसतो, हे साऱ्या पातूरला ठाऊक आहे. शेवटी तिने तिथलंच स्टूल ओढलं आणि बसली.

"शफीकभाई, तुमाले टाइम नाई ना? मंग मले शिकवा. मीच करतो."

शफीक पोट धरून हसला. समोरच्या टपरीवाल्याला हाक मारून त्याने हे सांगितलं, रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला थांबवून सांगितलं. "भाभी वेल्डिंग सीखनेवाली है! अब अपून ब्लाउज सियेंगे!" रागिणी घरी ब्लाउज शिवून द्यायची, म्हणून हा टोमणा. ती हसली नाही. स्टुलावरून उठलीही नाही. मग हसून हसून दमलेल्या शफीकने एक भंगारातली पट्टी तिच्यापुढे टाकली, डोळ्यांपुढे धरायची काळी काच हातात दिली आणि म्हणाला, "लो. चलाव."

पहिल्या दिवशी रॉड लोखंडाला असा चिकटला की सुटता सुटेना. दुसऱ्या दिवशी पातळ पत्र्याला भोक पडलं. एकदा काच डोळ्यांपुढे धरायच्या आधीच ठिणगी पेटली, आणि संध्याकाळी डोळ्यांत कोणी वाळू भरावी तशी आग आग झाली. ती बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पडली, तर देवीदास म्हणाला, "बरं झालं. आता तरी उतरन भूत." भूत कसलं उतरतंय. ती पुन्हा गेली. आणि एके दिवशी वरची काळी खपली टोकरून काढल्यावर खाली नाण्यांची चळत आडवी करावी तशी सारखी, गुळगुळीत रेघ निघाली. तिला इतका आनंद झाला की ती पट्टी तिने पदरात गुंडाळून घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवली. कोणाला दाखवली नाही. कोणाला दाखवणार?

शिकताना एक गोष्ट तिला फार आवडली. तिथेही टाकाच होता. ब्लाउज शिवताना आधी कच्चा टाका घालतात, कापड जागेवर धरायला, आणि मग वरून पक्की शिलाई. लोखंडाचंही तसंच. आधी दोन-चार ठिकाणी टाके मारायचे, गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का पाहायचं, आणि मग सांधा सगळीकडून भरून घ्यायचा. नुसत्या टाक्यावर भरवसा ठेवायचा नसतो, दोन घाव घातले की तो निखळतो.

ब्लाउजच्या कमाईतून तिने छोटं मशीन घेतलं आणि मागच्या टिनाच्या शेडात संसार मांडला. तुळशीचा स्टँड झाला, चपलांचा रॅक झाला. फुलांचे कॅरेट रचायला तिने एक घोडी करून दिली, ती देवीदास रोज अकोल्याला घेऊन जायचा. मार्केटमध्ये कोणी विचारलं, छान आहे, कुठे केली? तर म्हणायचा, "अमरावतीहून आनली." हे रागिणीला कळलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने विचारलं, काहून खोटं बोलता? तर म्हणाला, "बायकोनं केली म्हनलं तर लोक हासतीन." त्या रात्री त्याला भाजीत मीठ नव्हतं, आणि तेही त्याच्या लक्षात आलं नाही.

मग तिने आबाजींसाठी रेलिंग करायचं ठरवलं. पोळ्याच्या आत आबाजी आपल्या पायांनी अंगणात उतरले पाहिजेत, कोणी बगलेत हात न घालता. तिने त्यांना तसा शब्द दिला.

रेलिंग कुठे लावायचं, यावर तिने पुष्कळ डोकं घातलं. आबाजींचा हात एकच, डावा. उतरताना डावीकडे धरायला पाहिजे. पण वर चढायला माणूस वळला की ती डावी बाजू उजवी होते. पायऱ्यांच्या एका कडेला लावलं तर म्हातारा उतरेल पण चढणार नाही, नाही तर चढेल पण उतरणार नाही. म्हणून रेलिंग पायऱ्यांच्या बरोबर मध्यात. उतरताना एका अंगाने, चढताना दुसऱ्या अंगाने, दोन्ही वेळा डाव्या हाताला. तिने खाटेशी बसून हे बोटांनी हवेत काढून दाखवलं.

आबाजींनी बराच वेळ तिच्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांचं अर्धं तोंड हसलं. "मधात," ते म्हणाले.

"हो आबाजी. मधात."

हाच शब्द देवीदासनेही उच्चारला, पण कसा! "मधात? पायऱ्याच्या मधात काहून खांब रोवून राहिली? येनारा-जानारा काय म्हनन?" ती सांगायला लागली, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. झेंडूचा भाव विचारायला कोणीतरी होतं. पुढचं सगळं तिने त्याच्या पाठीला सांगितलं.

पायऱ्यांना भोकं पाडून तिने पाइपाचे खांब सिमेंटात बसवले. आबाजींना दारात उभं करून त्यांच्या हाताची उंची घेतली. मूठ नीट मिटावी म्हणून वरचा पाइप बारीक निवडला. राखीला अमरावतीला भावाकडे जायचं होतं, त्याच्या आदल्या सकाळी ती देवीदासला म्हणाली, "टाके मारून झाले. आता दुपारी भरून घेतो."

"हं."

दुपारी तिने एकेक सांधा भरला. घामाने पोलकं पाठीला चिकटलं, मनगटावर ठिणगी पडून फोड आला. खपली टोकरली, घासलं, लाल रंग मारला. संध्याकाळी पुन्हा सांगितलं, "भरून झालं सगळं. रंग वाळू द्या. मी आल्यावर आबाजीले उतरवतो. तोवर कोनी हात लावजा नोका."

"हं," देवीदास म्हणाला, आणि मोबाइलवर बोट सरकवत राहिला.

अमरावतीला दोन दिवस तिचा पाय ठरला नाही. भावाला राखी बांधली, भावजयीने आग्रह केला, तरी ती निघाली. अकोल्याला बस बदलून पातूरला उतरली तेव्हा सकाळ सरली होती. घराच्या फाटकातून आत आली आणि जागीच उभी राहिली.

पायऱ्या उतरताना उजव्या हाताला येते त्या कडेला स्टीलचं झगमगीत रेलिंग उभं होतं. त्याला वर गोल गोल नक्षी होती. मधलं तिचं रेलिंग नव्हतं. त्याच्या जागी पायऱ्यांमधून पाइपाचे बोटभर बुडखे वर आले होते, लाल रंगाचे, कापलेल्या तोंडाचे.

"हे काय हाये?"

देवीदास ओट्यावर हार गुंफत बसला होता. तो खूश होता. बायकोला काहीतरी भेट आणली आहे, अशा चेहऱ्याने तो म्हणाला, "पाह्य, कसं दिसते! शफीकभाईकून बनवलं. अस्सल स्टील."

"माहं कुठं हाये?"

"अव, तुह्यं थे टाकेच मारलेलं होतं ना. तूच तर म्हनली, टाके मारून झाले. शफीकभाईले इचारलं, तर थे म्हने नुसत्या टाक्यावर म्हातारा मानूस पडन, मरन. मंग म्हनलं, जोखीम कायले घ्या?"

रागिणीला राग असा आला की कानशिलं ठणकायला लागली. सकाळचं वाक्य याच्या कानात शिरलं होतं. संध्याकाळचं नाही! अर्धं ऐकण्यापेक्षा काहीच ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. आणि शंका आली तर कोणाला विचारलं? जिने केलं तिला नाही. फोन त्याच्या खिशात होता, तिचा नंबर त्या फोनात होता. पण हा गेला शफीककडे.

"आन् आबाजी?" तिने विचारलं. "उतरले काय याच्यावरून?"

देवीदासने हार खाली ठेवला. तेव्हाच ती समजली.

झालं होतं असं. रेलिंग बसल्यावर देवीदासने चार माणसं बोलावली आणि आबाजींना दारात आणलं. उतरा म्हणाला. रेलिंग उजवीकडे, आणि उजवा हात मेलेला. आबाजींनी डावा हात छातीवरून आडवा नेऊन ते जाड, गुळगुळीत स्टील धरलं, एक पाऊल टाकलं, आणि पाऊल मधल्या बुडख्याला अडखळलं. ते पायरीवर बसकण मारून पडले. लागलं फारसं नाही. पण धोतर सुटलं. चार माणसांसमोर. मग त्यांना पुन्हा बगलेत हात घालून आत आणावं लागलं.

रागिणी आत गेली. आबाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. "आबाजी," ती म्हणाली. त्यांनी डावा हात उचलला आणि नाही, नाही असा हलवला. तोंड वळवलं नाही.

ती बाहेर आली, आणि मग जे बोलायचं ते ती बोलली. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"उजवीकडे काहून लावलं? सांगा ना! उजवा हात हाये काय तुमच्या बापाले? घरात राह्यता का भाड्यानं राह्यता? बाप कोन्या हातानं जेवते, थे बी मालूम नाई तुमाले?"

"शुभ बाजू असते उजवी," देवीदास पुटपुटला. "आन् मधात बेकार दिसत होतं."

"मधात काहून होतं, इचारलं काय मले? एकडाव तरी इचारलं?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. शेजारची दारं उघडी होती. "हळू बोल," तो म्हणाला. हा त्याचा ठेवणीतला शब्द. बायको खरं बोलायला लागली की त्याला शेजारी आठवायचे.

ती तशीच, बसमधल्याच साडीत, शफीकच्या दुकानात गेली. शफीकने तिला लांबून पाहिलं आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"भाभी, मेरी बात सुनो पह्यले. देवीदासशेठ बोले की टाकेच मारेल हाये."

"तुमी पाह्यलं नाई काय?"

शफीकने फडक्याला हात पुसले. "पाह्यलं. घन मारा ना मैंने. टाका असता तं दोन घावात आडवं झालं असतं. पाइप चपटा झाला, पर सांधा नहीं हिला. तवाच समजलं मले, भरेल हाये म्हनून. फिर ग्राइंडर लगाया."

"समजलं होतं तं थांबले काहून नाई?"

"शेठला बोला मैं. बोला, भाभी का काम पक्का है. शेठ बोले, आता स्टील आनलंच हाये तं लावूनच टाका."

म्हणजे देवीदासलाही कळलं होतं. कापायच्या आधी कळलं होतं! ही गोष्ट त्याने ओट्यावर बसून सांगितली नव्हती. रागिणीला वाटलं, या दुकानातलं सगळं लोखंड उचलून रस्त्यावर फेकावं. कच्चं असतं म्हणून कापलं असतं तर तिने रडून सोडून दिलं असतं. पक्कं आहे हे माहीत असून कापलं. कारण ते तिचं होतं, आणि दुकानातून आणलेलं नव्हतं.

"तुमी उस्ताद ना माहे?" ती शफीकला म्हणाली. "साऱ्या गावाले सांगत फिरता ना, भाभीले मी शिकवलं? आता हे बी सांगा, की मीच कापलं."

 मागच्या भंगारातून तिने आपले लाल पाइप स्वतः ओढून काढले. शफीक मदतीला पुढे आला, तर तिने हात झटकला. रिक्षात घालून ती ते घरी घेऊन आली.

पुढचे दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. पाऊस उघडला की ती पायऱ्यांवर बसायची. बुडख्यांची तोंडं घासली, चपटा झालेला पाइप तेवढा बदलला, बाकीचे तेच. देवीदास एकदा म्हणाला, "मी धरू काय पाइप?" तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाइपाला आधार म्हणून तिने विटा लावल्या. विटा हलत नाहीत आणि फोनही घेत नाहीत.

जोडलेल्या जागा उठून दिसत होत्या. प्रत्येक खांबाच्या तळाशी एक जाड कडं, जुनी जखम भरल्यावर राहतं तसं. ते घासून सपाट करता आलं असतं. तिने केलं नाही. दिसू दे म्हणाली. सगळं भरून झाल्यावर तिने स्वतः रेलिंगला लोंबकळून पाहिलं, लाथा घालून पाहिल्या. शेवटच्या दोन-तीन लाथांची रेलिंगला गरज नव्हती, पण तिला होती.

आबाजी मात्र उठेनात. पोळ्याच्या सकाळी तिने त्यांना नवं धोतर नेसवायला काढलं, तर पुन्हा तोच हात हलला. नाही, नाही.

"मले... नाई... उतरा लागत," ते भिंतीला म्हणाले.

तिने गोड बोलून पाहिलं. दुसऱ्यांदा बोलून पाहिलं. तिसऱ्या वेळी तिचा आवाज चढला.

"तुमीबी तेच करा मंग! तेनं कापलं, शफीकभाईनं कापलं, तुमी लाथ मारा! मधात कोनासाठी लावलं म्या? मले दोन हात हायेत धडधाकट! धोतर सुटलं म्हनता, तं हे घ्या, वरून पट्टा बांधा. नाडी बांधा. पन तोंड भिताडाकडे करून बसान तं मले सून म्हनू नोका!"

आणि ती रडली. रागाने रडली, आणि रडू येतंय याचाही तिला राग आला. पुरणाचं पातेलं तिने चुलीवरून असं उतरवलं की झाकण घरभर गडगडत गेलं.

दुपार कलता कलता नत्थुजी बैल घेऊन आला. अंगावर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात देवीदासच्याच मळ्यातल्या झेंडूच्या माळा. रागिणी ताट घेऊन अंगणात उतरली. बैलांच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं. नत्थुजी दाराकडे पाहून म्हणाला, "आबाजी?" तेव्हा तिने बैलाच्या कपाळावर पुन्हा कुंकू लावलं.

मागे काठीचा आवाज आला.

आबाजी दारात उभे होते. धोतरावरून खरंच कमरेचा जुना चामडी पट्टा बांधलेला, वाकडातिकडा, एका हाताने बांधता येईल तसा. त्यांनी काठी चौकटीला टेकवली. डावा हात पुढे केला आणि मधलं रेलिंग धरलं. मूठ पुरती मिटली.

देवीदास धावला. रागिणी एकच शब्द बोलली, "थांबा." तो थांबला.

एक पायरी. उजवा पाय मागून घसटत आला. दुसरी पायरी. बैलांच्या घुंगरांचा तेवढा आवाज होता. तिसरी पायरी उतरून आबाजी मातीवर उभे राहिले, आणि तिने वरून काठी आणून हातात दिली तशी ते एकेक पाऊल बैलापर्यंत गेले. काठी तिच्याकडे देऊन, बैलाच्या अंगाला रेलून त्यांनी डाव्या हाताने पुरणपोळी त्याच्या तोंडात दिली. बैलाने हात मनगटापर्यंत चाटला. आबाजींचं अर्धं तोंड हसत होतं आणि दोन्ही डोळे वाहत होते.

बैल गेले. आबाजी वळले, रेलिंगच्या दुसऱ्या अंगाला आले, आणि पुन्हा डाव्याच हाताने धरून वर चढून ओट्यावर बसले. देवीदास पायऱ्यांजवळ नुसता उभा होता. एकदा त्या मधल्या पाइपाकडे, एकदा कडेच्या स्टीलकडे पाहत होता. काहीतरी करायला पाहिजे, हे त्याला कळत होतं. काय, ते कळत नव्हतं.

"आबाजी," तो म्हणाला, "मंग हे स्टीलचं काढून टाकू काय?"

आबाजींनी श्वास घेतला. जीभ जड, पण शब्द स्वच्छ आला.

"तिले इचार."

देवीदास रागिणीकडे वळला. तोंड उघडायला त्याला जड गेलं, पण त्याने उघडलं. "काढू काय?"

तिने ताटातलं कुंकू पुसलं, तांब्या उचलला आणि पायऱ्या चढून वर आली.

"राहू द्या," ती म्हणाली. "येता-जाता दिसलं पायजे तुमाले."